प्रोजेक्ट हेल मेरी: वाचू नका, ऐकाच!

या विज्ञान कादंबरीचा लेखक अँडी विअर मूळचा प्रोग्रॅमर, 'द मार्शियन' ही आधीची कादंबरी स्वतःच्या वेबसाइटवर फुकटात प्रकरण-प्रकरण टाकायचा, वाचक म्हणाले किंडलवर दे तर ९९ सेंटला ठेवलं, मग २०१४ला मोठ्या प्रकाशकाने छापलं आणि २०१५ला मॅट डेमनचा पिक्चरपण आला, नशीब असावं तर असं. नंतरचं 'आर्टेमिस' (२०१७, चंद्रावरचं शहर) मला काही झेपलं नाही बुवा, त्यातली पंचविशीतली हिरॉइन बोलते मात्र दहावीतल्या पोरीसारखी.

पण 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) म्हणजे विषयच संपला. शाळेत सायन्स शिकवणारा मास्तर यानात एकटाच जागा होतो, स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही, आणि तिकडे सूर्याची ऊर्जा खाणारे जंतू... जाऊ दे, पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की त्यात रॉकी नावाचा एक जण सुरांत बोलतो, छापील पुस्तकात तिथे नुसत्या संगीताच्या खुणा, ऑडिओबुकात मात्र रे पोर्टरच्या वाचनासोबत खरेखुरे सूर ऐकू येतात, अंगावर काटा! सोळा तासांचं आहे, भांडी घासता घासता आठवड्यात संपवलं. गणितं जरा जास्तच आहेत, तिथे मी सरळ फॉरवर्ड मारलं 😄