कूलंटची बाटली: ओरिजिनल घ्यायची का लोकल?

मित्राच्या गाडीची कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली जोडावर तडकलीय, बाहेरून वाळलेल्या कूलंटची गुलाबी खपली धरलीय, आणि आता ओरिजिनल का लोकल यात तो अडकलाय.

आधी बघायचं बाटली कुठल्या प्रकारची आहे. काही गाड्यांत प्रेशर कॅप रेडिएटरवर असते आणि बाटलीत फक्त ओव्हरफ्लो, म्हणजे तापून जास्तीचं झालेलं कूलंट येतं, तिच्यावर प्रेशर नसतं. काहींत आट्यांची प्रेशर कॅप बाटलीवरच असते, म्हणजे सगळ्या सिस्टीमचं एक बारच्या वरचं प्रेशर ती सोसते.

पैशात लोकल सरळ स्वस्त, वादच नाही. पण टिकायचं म्हणाल तर लोकलचं प्लास्टिक आणि जोड यांचा भरवसा नाही. दुकानात हातात घेऊन जोडावरून नख फिरवा, फुणगी (प्लास्टिकची वर आलेली धार) लागली किंवा रबरी होज बसतो ती नळी नीट गोल नसली तर क्लिप कितीही आवळा, पाझरणारच. ओरिजिनलही उष्णतेनं कधीतरी ठिसूळ होतेच, पण मापात बसते. मेहनत दोन्हीला सारखीच, इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कॅप उघडायची, कूलंट मॅन्युअलमध्ये दिलंय तेच, आणि सिस्टीममधली हवा नीट काढायची. एमसील लावून चालवू नका बाबांनो.

साधी ओव्हरफ्लोची बाटली आणि गाडी साताऱ्यातल्या साताऱ्यात फिरणारी असेल तर चांगली बघून लोकल बिनधास्त घ्या. प्रेशरवाली असेल आणि खंबाटकी, यवतेश्वर घाट नेहमीचा असेल तर ओरिजिनलच, सोबत कॅपही नवीन.