ॲल्युमिनियम-अमोनिया हीट पाइप: सपाट टेबलावरच्या आकड्याला भुलू नका

हीट पाइप म्हणजे उष्णता वाहून नेणारी बंद नळी: आतला अमोनिया गरम टोकाला उकळतो, थंड टोकाला द्रव होतो आणि खाचांतून परत येतो. उपग्रहाच्या पॅनलसाठी आतून लांब खाचा पाडलेला हा पाइप अजूनही पहिली पसंती ठरावा असाच आहे. पंप नाही, वीज नाही, हलणारा एकही भाग नाही. तक्रार आहे ती डेटाशीटबद्दल. वॉट-मीटरचा, म्हणजे वाहून नेलेले वॉट गुणिले अंतराचे मीटर हा क्षमतेचा आकडा किती झुकावावर मोजला ते लिहिले नसेल, तर तो धरूच नये.

पाइप अगदी सपाट ठेवला की जादा अमोनिया तळाशी साचतो आणि गरम टोकाकडे आयता वाहत जातो. अंतराळात ही मदत मिळत नाही. म्हणून गरम टोक थंड टोकापेक्षा २.५ मिमी उंच ठेवून मोजायचे, मग ५ आणि ७.५ मिमीवर, कमाल वॉट आणि उंची यांची रेषा शून्यापर्यंत वाढवायची. खाचा द्रव जेमतेम सेंटिमीटरभर चढवतात, त्यामुळे एका मिमीची चूकही निकाल फिरवते. लांब पाइप मधेच वाकतो, तेव्हा फक्त टोके नव्हे, मधले आधारही लेव्हल करा.

हीटरचे वॉट थोडे थोडे वाढवा आणि दर वेळी तापमान स्थिरावू द्या. गरम बाजूच्या शेवटच्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) इतरांची साथ सोडून चढत राहणे म्हणजे ड्राय-आउट, गरम टोक कोरडे पडणे. हीटर लगेच बंद. इन्सुलेशनमधून निसटलेली उष्णता वजा केली नाही, तर पाइप आहे त्याहून दमदार दिसतो.

खरा दगा वायूचा. अमोनियात पाण्याचा अंश राहिला तर ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि थंड टोकाला अडकून बसतो. ४० अंश सेल्सियसला आतला दाब सुमारे १५.५ बार, त्यात तो दबून जातो. उणे ४० ला दाब जेमतेम ०.७ बार, तिथे तोच वायू फुगून टोक बंद पाडतो. फक्त गरम तापमानाचा चाचणी अहवाल म्हणूनच अपुरा. शेवटच्या काही सेंटिमीटरवर थर्मोकपल जवळजवळ लावलेले हवेत.

भरण्याआधीची हेलियम गळती चाचणी आणि भरण-नळीच्या वेल्डची तपासणी कागदावर मागा.

एकाहून अधिक प्रतलांत वाकवलेला पाइप जमिनीवर आडवा बसतच नाही. तो उभा, गरम टोक खाली ठेवून तपासला तर गळती आणि वायू कळतात, क्षमता नाही. अशा वेळी त्याच प्रोफाइलच्या, म्हणजे त्याच आडव्या छेदाच्या, सरळ नमुन्याचा झुकाव-अहवाल घ्यावा आणि प्रत्येक वळणाची घट त्यातून वजा करावी.