जुळवलेल्या एअर रायफलीचे सुटे भाग : इंदूरमधील फसवणुकीचा अनुभव

इंदूर, देवास आणि उज्जैन या भागांत १० मीटर एअर रायफलीचे सुटे भाग विकणाऱ्या एका गृहस्थाने आमची फसवणूक केली. त्याने ती कशी केली हे इतर पालकांना खरेदीपूर्वीच ठाऊक असावे, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही.

स्पर्धेच्या दर्जाची नवी जर्मन एअर रायफल घ्यायची म्हटली की तीन लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक रक्कम लागते. त्यामुळे अनेक कुटुंबे एखाद्या जुन्या नेमबाजाची वापरलेली ॲक्शन, म्हणजे नळी, रेग्युलेटर आणि ट्रिगर असा मुख्य भाग घेतात आणि त्यावर मुलाच्या उंचीनुसार स्टॉक (रायफल धरायचा सांगाडा), बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), दाबलेल्या हवेचा सिलिंडर व पीप साइट (नेम धरण्यासाठी डोळ्याजवळ असणारे छिद्र) बसवून रायफल जुळवतात. यात गैर काहीच नाही. स्पर्धेची ही रायफल ४.५ मिलिमीटर कॅलिबरची असते, तिची ऊर्जा साधारण ७.५ ज्यूल एवढीच असते आणि तिला शस्त्रपरवाना लागत नाही. खरगोनच्या नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरने मिळवलेले यश आणि त्यानंतर २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसळेने जिंकलेले कांस्यपदक यांमुळे आमच्या सुदामा नगर-रामबाग भागांतल्या मराठी घरांतही या खेळाची चौकशी वाढली, आणि मागणी वाढली की मधले विक्रेते उगवतातच.

हा विक्रेता माझ्या भाचीच्या क्लबमधील ओळखीतून आला. आमच्याशी तो मराठीत बोलत असे, “काका, तुम्ही आपलीच माणसं, तुम्हाला बाजारभाव कशाला लावू?” हे त्याचे ठरलेले वाक्य होते. त्याने दाखवलेली ॲक्शन दिसायला उत्तम होती आणि तिच्यासोबत कारखान्याचे टेस्ट कार्डही होते. नावाजलेले उत्पादक प्रत्येक रायफल १० मीटरवर घट्ट बांधून तिच्यातून छर्रे झाडतात आणि ते लक्ष्यपत्र रायफलीच्या क्रमांकासह खोक्यात ठेवतात. चांगल्या नळीच्या कार्डावर छर्रे एकमेकांवर पडून जवळजवळ एकच छिद्र दिसते. आम्हाला दाखवलेल्या कार्डावर तसेच छिद्र होते, क्रमांकही ॲक्शनवरच्या क्रमांकाशी जुळत होता, आणि तो आम्ही आकडा-आकडा ताडून पाहिला होता. शेवटचा आकडा मुळात ३ असून त्याचा ८ केलेला आहे, हे पुढे कार्ड भिंगाखाली धरल्यावर कळले. कार्ड दुसऱ्याच रायफलीचे होते.

रायफल जुळून आल्यावर भाचीचे पहिले काही छर्रे मध्यात लागत आणि मग हळूहळू खाली उतरत. या खेळात दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे असतात, त्यामुळे एवढी घसरण म्हणजे निकाल लागलाच. विक्रेत्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “रायफल एकदम ठीक आहे, ताई श्वास चुकीच्या वेळी सोडते.” या एका उत्तराचा राग मला पैशांपेक्षाही अधिक येतो. साहित्यातील दोष मुलांच्या माथी मारणे फार सोपे असते, कारण मुले तो चटकन मान्य करतात. ती पोरगी कित्येक आठवडे आपला श्वास, उभे राहण्याची ढब आणि डाव्या हाताचा आधार बदलत राहिली.

अखेर प्रशिक्षकांनी रायफल शिकंज्यात बांधून क्रोनोग्राफ, म्हणजे छर्‍याचा वेग मोजणारे यंत्र लावले. सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा असते. रेग्युलेटर ती कमी आणि स्थिर दाबावर आणतो, त्यामुळे सिलिंडर भरलेला असो वा अर्धा रिकामा, प्रत्येक छर्‍याला सारखाच जोर मिळायला हवा. अर्ध्या ग्रॅमच्या छर्‍याचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास असतो आणि त्यात दोन-तीन मीटरचा फरक चालून जातो. आमच्या रायफलीचा वेग १७२ वरून १६० पर्यंत खाली आला, आणि तेव्हाही दाबमापकाचा काटा १०० बारच्या बराच वर होता. रेग्युलेटर पार झिजलेला होता. ‘दोन सीझन वापरलेली’ म्हणून विकलेली ही ॲक्शन आतून किती जुनी असेल, याची कल्पना त्यावरून यावी. विकत घेण्यापूर्वी ही चाचणी करू द्या असे म्हटल्यावर जो विक्रेता आढेवेढे घेतो, त्याच्याकडून बट प्लेटचा स्क्रूसुद्धा घेऊ नये.

सिलिंडरची गोष्ट याहून गंभीर होती, कारण तिथे प्रश्न गुणांचा नसून जिवाचा होता. हवेच्या सिलिंडरचे आयुष्य उत्पादनापासून १० वर्षे धरले जाते. तारीख त्यावर कोरलेली असते आणि मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. आमच्या सिलिंडरवरची तारीख अलीकडची होती. मात्र हवा भरून देणाऱ्या अनुभवी माणसाने तो तिरप्या उजेडात फिरवला आणि भरायला साफ नकार दिला, कारण नव्या काळ्या लेपाखाली जुन्या अंकांचा ठसा दिसत होता. क्रमांक पाठवून उत्पादकाकडे विचारणा केली तेव्हा तो २००९ चा निघाला. २० अंशांवर २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर इंदूरच्या मे महिन्यात बंद गाडीत ५० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब २२० बारच्या घरात जातो. धड सिलिंडर तो सहज सोसतो. पण आतून गंजलेल्या आणि बाहेरून रंगवलेल्या सिलिंडरला मुलीच्या गालाजवळ ठेवायचे कोणत्या भरवशावर?

पीप साइट नक्कल निघाली. ती ओळखायला भिंग लागत नाही. दहा क्लिक उजवीकडे, दहा वर, दहा डावीकडे आणि दहा खाली असे फिरवून प्रत्येक कोपऱ्यावर छर्रे झाडले, तर शेवटचे छर्रे सुरुवातीच्या जागीच पडले पाहिजेत; आमचे पडले नाहीत. स्टॉकबद्दल इतकेच सांगतो की तो ठरलेल्या ॲल्युमिनियमचा नव्हता आणि त्यामुळे जुळवलेली रायफल साडेपाच किलोच्या स्पर्धामर्यादेपलीकडे गेली.

बिलावर ‘स्पोर्ट्स ॲक्सेसरीज’ एवढी एकच ओळ होती. ॲक्शनचा, सिलिंडरचा क्रमांक लिहून द्या असे आम्ही त्याच वेळी म्हटले होते. पक्के बिल पोर्टलवरून निघेल, त्यात सगळे येईल, असे सांगून त्याने वेळ मारून नेली. पैसे दोन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर मागितले गेले होते आणि त्यामागे करांचे कारण सांगण्यात आले होते. तक्रार केल्यावर “वापरलेला माल परत होत नाही” हे उत्तर आले, आणि त्यानंतर फोन लागेनासा झाला.

पोलिसांकडे दिलेल्या अर्जात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा, म्हणजे फसवणुकीच्या कलमाचा, उल्लेख केला आहे. ग्राहक आयोगाकडील तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. मात्र समोरचा माणूस व्यवसाय म्हणून विक्री करतो हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी त्याने इतरांना पाठवलेले दरपत्रकांचे संदेश आम्हाला उपयोगी पडले. खाडाखोड केलेले कार्ड आणि रिकामा केलेला सिलिंडर वकिलांकडे आहेत.

तो माणूस आता दुसऱ्या नावाने तोच धंदा करतो. त्याच्या छायाचित्रांत अजूनही आमच्याच टेस्ट कार्डाचा फोटो फिरतो आहे. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात घडी पडलेली आणि क्रमांकाचा शेवटचा ८ बाकीच्या आकड्यांपेक्षा ठळक दिसणारे कार्ड कोणी तुम्हाला पाठवले, तर व्यवहार तिथेच थांबवा आणि तो संदेश पुसू नका. आयोगापुढे तो लागेल.