सेल्फ उघडण्याआधी मीटर लावणारा लालबागचा गाळा

माझ्याकडे 2006 सालची मारुती 800 आहे. 2021 मध्ये ताडदेवच्या आरटीओत पर्यावरण कर भरून तिची नोंदणी वाढवून घेतली, तेव्हा घरच्यांनी माझ्या व्यवहारज्ञानाबद्दल शंका घेतली होती, आणि यंदाच्या पावसाळ्यात त्या शंकेला चांगलेच बळ मिळाले. सकाळी थंड गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर, एका फटक्यात लागायचा. परंतु नायगावहून दादरला जाऊन, भाजी घेऊन परत येऊन चावी फिरवली की बॉनेटखालून एकच ‘खट्’ असा आवाज यायचा आणि पुढे सारे शांत. पाच-सात वेळा चावी फिरवल्यावर कधी इंजिन फिरे, कधी फिरत नसे, आणि एकदा हिंदमाताजवळ दोन टॅक्सीचालकांनी धक्का दिला म्हणून घरी पोहोचलो.

घराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये, ज्याचे नाव घेण्याची इच्छा नाही, व्होल्ट मोजणारा मीटर न लावताच बॅटरी संपल्याचे सांगून नवी बसवण्यात आली. तिसऱ्या दिवशी तोच ‘खट्’. तेव्हा त्यांनी पूर्ण स्टार्टर बदलण्यासाठी सहा हजार दोनशे रुपयांचा अंदाज दिला. बॅटरी उतरली असेल तर सोलेनॉइड, म्हणजे सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, सहसा ‘कटकटकट’ असा सलग वाजत राहतो आणि हेडलाइट मलूल होतात. एकच ठोका पडून दिवे तसेच लखलखीत राहिले, तर संशय दुसरीकडे जायला हवा. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा माहीत असती, तर बॅटरीचे पैसे वाचले असते.

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी लालबागच्या बाजारामागच्या गल्लीतील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. गाळा जेमतेम आठ फुटी. भिंतीवर जुने आर्मेचर, म्हणजे मोटरचे फिरणारे गाभे, कांद्याच्या माळेसारखे टांगलेले आणि बसायला तेलाचा एक उलटा डबा. मिस्त्रींनी तक्रार ऐकून घेतली आणि गाडीला हातही न लावता म्हणाले, “काका, आधी परळपर्यंत एक चक्कर मारून गाडी तापवून आणा. थंड गाडीचा आजार मला दिसणार नाही.” मी दोन ठिकाणी गाडी दाखवली, त्यांपैकी दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरणारा हा एकच माणूस होता.

गरम गाडी परत आणल्यावर त्यांनी मीटर काढला. बॅटरी उभ्या स्थितीत 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग मला चावी फिरवायला सांगून त्यांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली. माझ्या नशिबाने त्या वेळी सेल्फ कण्हत का होईना फिरला आणि मीटरवर 1.7 व्होल्ट दिसले. हा आकडा पाव व्होल्टच्या आसपास असायला हवा. उरलेला दाब अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक इंजिन-बॉडीला जोडणाऱ्या, पट्टीतच खर्च होत होता. पट्टी सोडवली तेव्हा तिच्या टोकाखाली हिरवट-पांढरा गंज भुकटीसारखा निघाला. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि दर पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यात सोळा-सतरा वर्षे काढलेल्या गाडीत यात आश्चर्य काहीच नाही. आश्चर्य इतकेच की बॅटरी विकणाऱ्यांना ती पट्टी दिसली नाही.

मला वाटले काम झाले. त्यांना वाटले नव्हते. नवी पट्टी लावल्यावर सेल्फ जोमाने फिरू लागला, पण चौथ्या प्रयत्नाला पुन्हा ‘खट्’ झाले. त्यांनी लगेच सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टवर आळीपाळीने मीटर धरला: बॅटरीकडच्या बोल्टवर बारा व्होल्टच्या वर, मोटरकडच्या बोल्टवर जवळपास शून्य. ठोका ऐकू येतो याचा अर्थ आतला दट्ट्या खेचला जातो, परंतु त्याच्या टोकाची तांब्याची चकती ज्या दोन संपर्कांवर आदळते ते जळलेले असतील, तर करंट मोटरपर्यंत जातच नाही. हे त्यांनी मला दोन नाणी आणि एक वॉशर हातात धरून समजावले.

त्यानंतरच पाना बाहेर आला. प्रथम बॅटरीची ऋण तार सुटली, कारण सेल्फकडे जाणारी जाड तार चावी बंद असतानाही जिवंत असते आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी होते. सेल्फ उघडल्यावर संपर्क खरोखरच खड्डे पडून काळे झालेले होते, आणि कार्बनही, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासत करंट पोहोचवणारे ठोकळे, झिजून बोटाच्या पेराच्या अर्ध्यावर आलेले होते. तांब्याचे बोल्ट अर्धे फिरवून न जळलेली बाजू पुढे आणता येते, ते स्वस्तात होईल, पण किती टिकेल याची हमी देणार नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. मी नवा सोलेनॉइड निवडला. हे कार्बन ज्यावर घासतात तो कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करून, हॅक्सॉच्या मोडक्या पात्याच्या तुकड्याने तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक ते एकेक खाच करून खरवडत होते, ते मी त्या तेलाच्या डब्यावर बसून पाहत राहिलो. सगळे भाग रॉकेलने धुतले, पण पिनियनचा, म्हणजे इंजिनला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा, क्लच मात्र नुसत्या फडक्याने पुसला. त्यातले ग्रीस धुतले गेले तर तो पुढे घसरू लागतो.

अर्थिंगची पट्टी 300, सोलेनॉइड 950, कार्बन आणि बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) 350, मजुरी 800. एकूण 2,400 रुपये. काढलेले सर्व जुने भाग त्यांनी न मागता पिशवीत घालून दिले.

तक्रारी आहेतच. दुपारी चारला देतो म्हटलेली गाडी साडेसातला मिळाली. बिल आधी एका आकड्याचे होते, वरील तपशील मागितल्यावर वहीच्या कागदावर लिहून मिळाला. तीन महिन्यांची हमी तोंडी आहे. गाडी गल्लीतच उभी राहते, त्यामुळे टोइंगची गाडी आली की मिस्त्रींचा मुलगा धावत जाऊन दुरुस्तीची गाडी हलवतो, आणि तेवढा वेळ काम थांबते. फोनवर दर विचारू नका. गाडी पाहिल्याशिवाय ते आकडा सांगत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

माझी गाडी त्यानंतर दोन महिने, गरम असो वा थंड, पहिल्या चावीला सुरू होत आहे. जायचे असल्यास सकाळी अकराच्या आत जावे, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत तर बेतच करू नये, कारण तेव्हा त्या गल्लीत गाडीच काय, हातगाडीही शिरत नाही.