डोकुविकी, आठ महिन्यांच्या वापरानंतर: मराठी पानं असतील तर आधी हे वाचा

डेबियन 12 लिनक्स, अपाची वेब सर्व्हर, 2 जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप आणि नोंदी लिहिणारे सात-आठ जण. एवढ्यावर डोकुविकी, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर विकी चालवायचं सॉफ्टवेअर, आरामात चालतं. डेटाबेस लागत नाही, हे त्याचं खरं बळ. प्रत्येक पान म्हणजे 'डेटा/पेजेस'मधली साधी टेक्स्ट फाइल, जुन्या आवृत्त्या 'ॲटिक' फोल्डरमध्ये जीझिप (आकुंचित) होऊन पडतात. उद्या पीएचपी (डोकुविकी ज्या भाषेत लिहिलंय ती) रुसलं तरी मजकूर कुठल्याही एडिटरमध्ये उघडतो.

इन्स्टॉल करणं अर्ध्या तासाचं काम. पीएचपीची एक्सएमएल, एमबीस्ट्रिंग, जीडी, इंटल ही मॉड्यूल्स आधी टाका, टारबॉल (डोकुविकीच्या फाइल्सचं गाठोडं) उलगडा, अपाची ज्या युजरखाली चालतं त्याच्या नावे फोल्डर करा, इन्स्टॉलर एकदा चालवा आणि ती फाइल लगेच उडवा. फसगत होते ती पुढे. डेबियनच्या अपाचीत वेबच्या फोल्डरला 'अलाउओव्हरराइड नन' असतं, म्हणजे फोल्डरमध्ये ठेवलेले वेगळे नियम अपाची मानत नाही. मग डोकुविकीसोबत आलेली एचटीअ‍ॅक्सेस फाइल (काय उघडू द्यायचं नाही त्याचे नियम) कोणी वाचतच नाही आणि लॉगिनमागे बंद ठेवलेल्या विकीची पानंही थेट पत्ता टाकून उघडतात. 'डेटा/पेजेस/विकी/डोकुविकी.टीएक्सटी' ब्राउझरमध्ये उघडून पाहा. 403 (प्रवेश नाही) आलं तरच निर्धास्त व्हा.

आता मराठीचं दुखणं. फाइलनावांचं एन्कोडिंग मुळात 'यूआरएल' असतं. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, यूटीएफ-8 मध्ये 3 बाइटचं. प्रत्येक बाइटची टक्केवाली तीन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला 9. नुसतं 'पाणीपुरवठा' 90 बाइट खातं. ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर फाइलनावाची मर्यादा 255 बाइट, त्यात ॲटिकमध्ये वेळेचा आकडा आणि एक्स्टेन्शन मिळून आणखी 18. म्हणजे साधारण 26 चिन्हांतच नाव संपतं. 'एफएनएन्कोड' सेटिंग 'यूटीएफ-8' केलं की हीच मर्यादा 79 वर जाते आणि टर्मिनलमध्ये नावंही वाचता येतात. पण हे पहिलं पान लिहिण्याआधीच करा. नंतर बदललंत तर जुनी पानं विकीला सापडत नाहीत.

शोधही मुळात पूर्ण शब्दाचाच. 'सर्व्हर' शोधला तर 'सर्व्हरवर' मिळत नाही. आपल्या विभक्तीपुढे हे चालायचं नाही. 'सर्च फ्रॅगमेंट' हे सेटिंग 'स्टार्ट्स विथ' करा. तरी 'पाणी' शोधून 'पाण्याची' मिळणार नाहीच, त्याला 'पाण*' टाका.

फोटो चढत नसतील तर पीएचपीची 2 एमबीची अपलोड मर्यादा वाढवा. पानाचं नाव बदलायची सोय मूळ डोकुविकीत नाही, त्यासाठी 'मूव्ह' प्लगइन घ्या. टर्मिनलवरून एमव्ही (फाइल हलवायची आज्ञा) मारलंत तर दुवे तुटतात आणि इतिहास मागे राहतो.

बॅकअपला 'कॉन्फ' आणि 'डेटा' ही दोन फोल्डरं पुरे. त्यातलेही कॅश, इंडेक्स, लॉक्स, टेंप वगळा. अपडेट म्हणजे नवा टारबॉल जुन्यावर उलगडणं, आणि 'डेटा/डिलीटेड.फाइल्स' यादीतल्या जुन्या फाइल्स न विसरता काढणं.