बडोद्याचा पावसाळा आणि उघड्या टपाची गाडी: कव्हर की निचरा?

दांडिया बाजारातल्या वाड्यात कन्व्हर्टिबलसाठी बंद गॅरेज कुठून मिळणार? मग बहुतेकजण कव्हर घेतात. घ्या, पण प्लास्टिकचं नको. आत वाफ कोंडते, कापडी टपाला बुरशी धरते. हवा खेळणारं कव्हर बरं, तरी ते रोज काढा-घाला करायचा कंटाळा येतोच.

माझं मत निचऱ्याच्या बाजूने. टपाच्या कडेने आलेलं पाणी मागच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. कडुनिंबाची पानं कुजून तिथे काळा चिखल होतो, नळी तुंबते आणि पाणी आत साचतं. बीएमडब्ल्यू झेड ४ च्या ई८५ मॉडेलमध्ये टप उघडणारी मोटर नेमकी तिथेच बसवलेली, त्यामुळे ती बुडून निकामी होते. नायलॉनची जाड दोरी नळीत घालून हलक्या हाताने फिरवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी सांध्यातून निसटते. मग तांब्याभर पाणी ओता. चाकाजवळ धार आली की झालं. टपाच्या कडेच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नाही.

२०२४ च्या ऑगस्टसारखी विश्वामित्री नदी चढली तर दोन्ही उपाय फोल. गाडी आधीच उंचावर न्या. बुडालीच तर स्टार्टर मारू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.