कोलमडलेल्या टीमचा नवा कोच: कुणावर विश्वास टाकायचा?

तुमच्या विद्यापीठाची बास्केटबॉल टीम दोन-तीन वर्षं सपाटून मार खातेय. जुन्या कोचची गच्छंती झाली, नव्याच्या नावाची घोषणा झाली, बँड वाजवून त्याचं स्वागतही झालं. आणि आता सीझन तिकिटं घ्या म्हणून ईमेल येऊ लागलेत. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आणि मग त्याच गावात नोकरीला चिकटलेल्या बऱ्याच मराठी मंडळींना हा ईमेल ओळखीचा असेल. प्रश्न पैशांचा आहेच, पण चार महिन्यांच्या संध्याकाळींचाही आहे. हा माणूस टीम उभी करेल का?

स्वागत समारंभातल्या भाषणावरून काहीही कळत नाही. तिथे सगळेच कोच 'संस्कृती' आणि 'कुटुंब' हे दोन शब्द वापरतात. त्यापेक्षा ज्यांचा निकाल लागून गेलाय अशा कोचांना शेजारीशेजारी उभं करून बघू. त्यासाठी केंटकी राज्यातल्या लुईव्हिल विद्यापीठासारखी जागा नाही, कारण तिथे मैदान तेच, प्रेक्षक तेच, परंपरा तीच, आणि पाठोपाठ दोन अगदी वेगळ्या प्रकारची माणसं आली.

पहिला केनी पेन, मार्च 2022 मध्ये नेमलेला. 1986 साली लुईव्हिलनं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं त्या टीममधला हा खेळाडू. पुढे केंटकी विद्यापीठात जॉन कॅलिपारीच्या हाताखाली दहा वर्षं असिस्टंट, मग एनबीएच्या न्यूयॉर्क निक्समध्ये असिस्टंट. खेळाडू घडवण्यात आणि भरतीत त्याचं नाव होतं. गावाला घरचा माणूस परत आल्याचा आनंद झाला. एकच गोष्ट कुणी फारशी बोललं नाही: तो कुठेही मुख्य कोच नव्हता. पहिल्या सीझनचे पहिले तिन्ही सामने लुईव्हिल प्रत्येकी एका गुणानं हरलं. बेलार्माइन, राइट स्टेट, ॲपलॅचियन स्टेट, तिन्ही तुलनेनं लहान कॉलेजं. 'नशीब खराब' म्हणून लोकांनी सोडून दिलं. पण मुळात अशा टीमांशी, तेही घरच्या मैदानावर, सामना शेवटच्या चेंडूपर्यंत जाणं हीच धोक्याची घंटा होती. तो सीझन 4 विजय आणि 28 पराभवांवर संपला, पुढचा 8-24 वर. मार्च 2024 मध्ये पेनला नारळ मिळाला.

दुसरा पॅट केल्सी. लुईव्हिलशी त्याचा काही संबंध नव्हता. नऊ वर्षं विन्थ्रॉप, मग तीन वर्षं कॉलेज ऑफ चार्ल्स्टन, दोन्हीकडे मुख्य कोच. चार्ल्स्टनमधले त्याचे आकडे 17-15, मग 31-4, मग 27-8. लुईव्हिलला आल्यावर त्यानं जवळजवळ संपूर्ण टीम ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) नव्यानं उभी केली: विस्कॉन्सिनचा चकी हेपबर्न, जेम्स मॅडिसनचा टेरेन्स एडवर्ड्स, आणि चार्ल्स्टनहून त्याच्या मागोमाग आलेला ऑस्ट्रेलियन नेमबाज रेन स्मिथ. डिसेंबरच्या मध्यावर त्यांची स्थिती होती 6-5. दुखापतींनी टीम खिळखिळी झाली होती आणि नुकताच केंटकीकडून पराभव झाला होता. तिथून पुढे 24 सामन्यांत फक्त तीन पराभव. एसीसीमध्ये, म्हणजे लुईव्हिलच्या कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या गटात), 18-2, एकूण 27-8.

केल्सीचंही सगळं गोड नाही. एनसीएए स्पर्धेत, म्हणजे मार्चमधल्या राष्ट्रीय बाद पद्धतीच्या स्पर्धेत, 2017 ते 2025 या काळात तो पाच वेळा टीम घेऊन गेला आणि पाचही वेळा पहिल्याच सामन्यात हरला, लुईव्हिलबरोबरही. तुम्हाला मार्चमधल्या चमत्काराची आस असेल तर हे लक्षात ठेवा. पण पडलेली टीम उभी करणं आणि मार्चमध्ये लांब मजल मारणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपला प्रश्न पहिल्या कामाचा आहे.

आणखी काही नावं एकत्र ठेवली की चित्र असं दिसतं (आधी विजय, मग पराभव):

| कोच, विद्यापीठ | आधी कुठे मुख्य कोच? | हाती आलेली टीम (आधीचा सीझन) | पहिला सीझन |
|---|---|---|---|
| पॅट्रिक इविंग, जॉर्जटाऊन (2017) | कुठेही नाही | 14-18 | 15-15 |
| केनी पेन, लुईव्हिल (2022) | कुठेही नाही | 13-19 | 4-28 |
| टी. जे. ओट्झेलबर्गर, आयोवा स्टेट (2021) | साउथ डकोटा स्टेट, यूएनएलव्ही (लास व्हेगस) | 2-22 | 22-13 |
| एड कूली, जॉर्जटाऊन (2023) | फेअरफील्ड, प्रॉव्हिडन्स | 7-25 | 9-23 |
| पॅट केल्सी, लुईव्हिल (2024) | विन्थ्रॉप, चार्ल्स्टन | 8-24 | 27-8 |
| डस्टी मे, मिशिगन (2024) | फ्लोरिडा अटलांटिक | 8-24 | 27-10 |

मिशिगनची गोष्ट लुईव्हिलसारखीच वाटते, पण तिला एक पीळ आहे. डस्टी मेच्या आधीचा कोच जुवान हॉवर्ड हाही घरचाच हिरो, तोही आधी कुठे मुख्य कोच नव्हता. तरी दुसऱ्याच वर्षी त्याची टीम 23-5 होती आणि शेवटच्या आठांत पोचली. मग घरचा माणूस चालतो की! चालतो, घर शाबूत असेल तर. हॉवर्डला जॉन बीलाइननं घडवलेली, जिंकायची सवय असलेली टीम मिळाली होती. ती शिदोरी संपत गेली तसे आकडे घसरले आणि पाचव्या वर्षी 8-24 झाले. त्या सीझनआधी त्याची हृदयशस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही. पण चालती गाडी हाकणं आणि बंद पडलेली गाडी सुरू करणं यातला फरक इथे स्वच्छ दिसतो.

मेनं बंद पडलेली गाडी आधी एकदा सुरू केली होती. फ्लोरिडा अटलांटिक या कॉलेजनं 2023 पर्यंत एनसीएए स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. मेची पहिली चार वर्षं तिथे जेमतेमच होती, निम्म्याहून थोडे जास्त सामने जिंकण्याची. पाचव्या वर्षी 35-4 आणि थेट अंतिम चौघांत. सॅन डिएगो स्टेटच्या लमॉन्ट बटलरनं शेवटच्या क्षणी टाकलेल्या बास्केटनं ते 72-71 असे हरले. मिशिगनला येताना मेबरोबर त्याचा उंच सेंटर व्लादिस्लाव गोल्डिनही आला. माझ्या मते ही खूण सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी चर्चेत येणारी. खेळाडूला पोर्टलमध्ये दहा दारं उघडी असताना तो जुन्या कोचच्याच मागे जातो, तेव्हा त्या कोचबद्दल पत्रकार परिषदेपेक्षा जास्त कळतं.

इथवर वाचून 'मुख्य कोच म्हणून अनुभव असला की झालं' असं कुणाला वाटेल. जॉर्जटाऊन त्याला आडवं येतं. इविंग तर 1984 च्या विजेत्या टीमचा सेंटर, विद्यापीठाचा सर्वांत मोठा खेळाडू. त्याच्या सहा वर्षांत एकूण 75 विजय आणि 109 पराभव. 2021 मध्ये आठव्या मानांकनावरून टीमनं बिग ईस्ट या आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात क्रेटनला 73-48 असं धुतलं, आणि सगळ्यांना वाटलं आली वळणावर गाडी. पुढच्याच सीझनला बिग ईस्टमध्ये 0-19. चार दिवसांच्या चांगल्या खेळावरून चार वर्षांचा अंदाज बांधू नये, याचा इतका ठसठशीत नमुना मला दुसरा माहीत नाही.

मग आला एड कूली, प्रॉव्हिडन्समध्ये बारा वर्षं काढलेला, त्याच कॉन्फरन्सच्या खाचाखोचा जाणणारा. कागदावर याच्याइतका योग्य माणूस शोधून सापडला नसता. तरी पहिल्या वर्षी कॉन्फरन्समध्ये 2-18. दुसऱ्या वर्षी एकूण 18-16, कॉन्फरन्समध्ये 8-12. म्हणजे सुधारणा आहे, पण केल्सी किंवा मेसारखी उडी नाही. कूली अपयशी ठरला असं मी म्हणणार नाही. अनुभवी कोच मिळाला तरी वेग ठरलेला नसतो, एवढंच त्यातून निघतं.

ओट्झेलबर्गर उलट बाजूनं नियम मोडतो. यूएनएलव्हीत दोन वर्षांत 29-30, म्हणजे शिफारस करावी असं काही नाही. फक्त तेवढंच बघितलं असतं तर आयोवा स्टेटनं त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पण साउथ डकोटा स्टेटमध्ये त्याचं काम चांगलं होतं, आणि एम्समध्ये, म्हणजे आयोवा स्टेटच्याच गावी, तो आधी अनेक वर्षं असिस्टंट होता, म्हणजे घरचाही आणि कसलेलाही. आधीच्या सीझनमध्ये कॉन्फरन्समधले अठराच्या अठरा सामने हरलेली टीम त्यानं पहिल्याच वर्षी शेवटच्या सोळांत नेली. बास्केट फारसे होत नव्हते, पण बचाव भयंकर होता. समोरच्याला सुखानं चेंडू खेळवू द्यायचा नाही, टर्नओव्हर करायला, म्हणजे चेंडू गमवायला लावायचं. बचाव हा पहिल्या वर्षी सुधारता येणारा भाग आहे. नेमबाजी विकत आणावी लागते किंवा तिला वेळ द्यावा लागतो, बचाव शिकवता येतो. म्हणून नव्या कोचच्या पहिल्या नोव्हेंबरात मी गुणफलकाआधी केनपॉम या आकडेवारीच्या वेबसाइटवरचा बचावाचा आकडा बघेन: दर शंभर पझेशनमागे (चेंडू ताब्यात येण्याच्या खेपांमागे) समोरची टीम किती गुण करतेय. टीम हरत असली आणि हा आकडा उतरत असला, तर कोचचं म्हणणं खेळाडूंपर्यंत पोचतंय.

'कोचला वेळ द्या' म्हणणारे हटकून बेलर विद्यापीठाच्या स्कॉट ड्रूचं नाव घेतात. 2003 मध्ये एका खेळाडूची सहकाऱ्याकडून हत्या आणि त्यातून बाहेर पडलेला घोटाळा, अशा राखेतून त्यानं सुरुवात केली. पहिली वर्षं 8-21, 9-19, मग निर्बंधांमुळे फक्त कॉन्फरन्सचेच सामने आणि 4-13. 2008 मध्ये एनसीएए स्पर्धा, 2021 मध्ये तोवर अपराजित असलेल्या गोन्झागाला 86-70 हरवून विजेतेपद. कामगिरी मोठीच, पण आजच्या निर्णयासाठी हा दाखला मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. तेव्हा शाळकरी खेळाडू आणून त्यांना मोठं होऊ द्यावं लागायचं. 2021 पासून एकदा विद्यापीठ बदललं तर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव-प्रतिमा जाहिरातींत वापरू देण्याचे पैसे मिळू लागले, आणि 2025-26 पासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे चार वर्षं थांबायची गरज उरली नाही आणि सबबही उरली नाही. पोर्टल पेनच्या वेळीही होतंच.

अर्थात पोर्टल दोन्हीकडून उघडं असतं. एका उन्हाळ्यात उभी केलेली टीम पुढच्या उन्हाळ्यात निघूनही जाते, म्हणून दर वसंतात कोण थांबतंय हे बघणं विजय मोजण्याइतकंच गरजेचं.

आता तुमच्या ईमेलचं. नवा कोच पेन किंवा इविंगसारखा असेल, म्हणजे गावाचा लाडका पण मुख्य कोच म्हणून कोरा, आणि टीम खरोखरच तळाला असेल, तर सीझन तिकीट घेऊ नका, आवडत्या सामन्यांची सुटी तिकिटं घ्या. लहान ठिकाणी काही वर्षांत चढता आलेख असेल आणि तिथले एक-दोन खेळाडू त्याच्यामागे आले असतील, तर पहिल्याच वर्षी पैसे भरा. डिसेंबरात 6-5 असलं तरी तिकिटं विकायला काढू नका. आणि कूलीसारखा असेल, जाणता पण सावकाश, तर पहिला सीझन टीव्हीवर काढा. एप्रिल-मेमध्ये कोण निघून गेलं, कोण थांबलं ते बघा आणि मग ठरवा.